लाकडी डोम घर : आधी तक्ता, मग हब, मग करवत (टप्प्याटप्प्याने)

डोम, म्हणजे त्रिकोणांच्या सांगाड्याचं अर्धगोल घर, बांधायला घेतलेले बहुतेक जण अडकतात ते शेवटच्या त्रिकोणाला. खालून वरपर्यंत सगळं बसतं आणि मग वरचा एक दांडा काही केल्या जागेवर येत नाही, मग तो ओढून-ताणून बसवला जातो, फ्रेम वाकडी होते, पॅनल बसत नाहीत आणि पहिल्याच पावसात पाणी आत. चूक तिथली नसतेच, ती फार आधी झालेली असते, कारण लाकूड आलं की लगेच कापायला घेतलं जातं आणि हब (दांड्यांची टोकं जिथे एकत्र जोडली जातात तो सांधा) कसा असणार हे नंतर ठरतं. म्हणून खाली क्रम दिलाय तसाच ठेवा, मधली पायरी गाळू नका.

उदाहरण म्हणून ६ मीटर व्यासाचा, म्हणजे ३ मीटर त्रिज्येचा अर्धगोल धरलाय, टू-व्ही प्रकारचा (मूळ मोठ्या त्रिकोणाच्या प्रत्येक बाजूचे दोन भाग केलेला, थ्री-व्हीत तीन). टू-व्हीमध्ये दांड्यांच्या लांब्या फक्त दोनच आणि अर्ध्यावर कापल्यावर तळ आपोआप सपाट येतो, त्यामुळे पहिल्या डोमसाठी हाच घ्या. थ्री-व्ही जास्त गोल दिसतो पण त्यात तीन लांब्या असतात आणि तळ सपाट करायला खालच्या दांड्यांची मापं बदलावी लागतात.

टप्पा १ : त्रिज्या ठरवण्याआधी दोन गोष्टी बघा

पहिली गोष्ट डोक्याला लागणारी उंची. ३ मीटरचा डोम मधोमध ३ मीटर उंच असतो हे खरं, पण कडेकडे तो झपाट्याने खाली येतो. २ मीटर उंची फक्त मध्यापासून साधारण २.२४ मीटरपर्यंतच मिळते, म्हणजे २८ चौरस मीटरपैकी नीट उभं राहता येईल अशी जागा १६च्या आत. आतलं अस्तर लागल्यावर आणखी कमी. हाच डोम १ मीटर उंच सरळ भिंतीवर बसवला तर तीच जागा २५ चौरस मीटरच्या आसपास जाते. राहायचं घर असेल तर ही खालची भिंत घ्याच, माझं ठाम मत आहे. नंतर वाढवता येत नाही.

दुसरी गोष्ट प्लायचा शीट. नेहमीचा ८ बाय ४ फुटी शीट १२२० मिमी रुंद असतो. आपल्या डोमचे त्रिकोण यापेक्षा मोठे होतात, एका शीटमधून अख्खा त्रिकोण निघत नाही, म्हणजे प्रत्येक त्रिकोणात एक जोड येणार आणि त्या जोडामागे आतून लाकडी पट्टी द्यावी लागणार. जोड नको असतील तर टू-व्हीमध्ये व्यास साधारण ४.५ मीटरवर थांबवावा लागतो, किंवा मग थ्री-व्ही, त्यात ६ मीटरलाही एका शीटमध्ये त्रिकोण बसतात. फळ्यांचं आच्छादन करणार असाल तर हा प्रश्नच नाही.

सावध : वारा, बर्फ, भूकंप आणि जमीन यानुसार दांड्याची जाडी, बोल्ट आणि पाया बदलतो. इथली मापं भूमिती समजायला आहेत. राहायच्या घरासाठी स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासून घ्या आणि बांधकाम परवानगी याच टप्प्यावर बघा, लाकूड आणल्यावर नको.

टप्पा २ : मापांचा तक्ता

टू-व्हीच्या दोन लांब्या त्रिज्येला गुणून येतात:

- अ दांडा (लांब) = त्रिज्या × ०.६१८०३, आपल्यासाठी १८५४ मिमी, एकूण ३५ नग
- ब दांडा (आखूड) = त्रिज्या × ०.५४६५३, आपल्यासाठी १६४० मिमी, एकूण ३० नग

एकूण ६५ दांडे, २६ हब, ४० त्रिकोण. त्रिकोणांत १० समभुज (तिन्ही बाजू अ) आणि ३० समद्विभुज (एक अ, दोन ब).

आता सगळ्यात महत्त्वाचं. १८५४ आणि १६४० ही हबच्या मध्यापासून दुसऱ्या हबच्या मध्यापर्यंतची लांबी आहे. लाकूड कापायची लांबी ही नाही. सगळ्यात जास्त लाकूड या एका गैरसमजात वाया जातं.

हे आकडे कागदावर मोठ्या अक्षरात लिहा, अला लाल रंग आणि बला निळा, आणि शेवटपर्यंत तेच रंग लाकडावर, हबवर, नकाशावर सगळीकडे वापरा.

तपासा : आधी १:२० चं मॉडेल करा. अ काडी ९२.७ मिमी, ब काडी ८२ मिमी. मॉडेल केलं की कुठला दांडा कुठे जातो हे डोक्यात पक्कं बसतं, दार कुठे ठेवायचं हेही दिसतं, आणि पुढे साइटवर हेच मॉडेल समोर ठेवायचंय.

टप्पा ३ : हब आधी बनवून घ्या

हबचे प्रकार बरेच आहेत, इथे धरलाय तो १०० मिमी बाहेरच्या व्यासाच्या स्टील पाइपचा तुकडा आणि त्याला वेल्ड केलेल्या उभ्या पट्ट्या. दांड्याच्या टोकाला खाच पाडून पट्टी आत जाते, त्यातून दोन बोल्ट. मला हा प्रकार आवडतो कारण चूक झाली तर एक हब बदलता येतो, अख्खा त्रिकोण फेकावा लागत नाही.

फॅब्रिकेटरला द्यायची यादी:

- पाच दांड्यांचे ६ हब. सगळ्या पट्ट्या बच्या, एकमेकींत ७२ अंश.
- सहा दांड्यांचे १० हब. चार पट्ट्या अच्या, दोन बच्या.
- चार दांड्यांचे १० हब (तळासाठी). तीन पट्ट्या अच्या, एक बची.

पट्ट्या पाइपला काटकोनात नसतात, आतल्या बाजूला झुकलेल्या असतात. अची पट्टी १८ अंश, बची १५.८६ अंश. फरक दोन अंशांचा आहे म्हणून दोन्ही सारख्याच करून टाकायचा मोह होतो, करू नका.

सहा दांड्यांचा हब म्हणजे ६०-६० अंशांचे सहा भाग असं जवळजवळ प्रत्येकजण धरतो आणि इथेच पुढच्या सगळ्या गोंधळाची सुरुवात होते. खरे कोन असे आहेत : दोन शेजारच्या अ पट्ट्यांमध्ये ६३.४३ अंश, आणि अ व ब मध्ये ५८.२८ अंश. फिरत गेलात तर अ, ६३.४३, अ, ५८.२८, ब, ५८.२८, अ, ६३.४३, अ, ५८.२८, ब, ५८.२८ आणि परत पहिला अ. बेरीज ३६० येते, करून बघा.

तळाचा चार दांड्यांचा हब म्हणजे याचाच अर्धा भाग : अ, ६३.४३, अ, ५८.२८, ब, ५८.२८, अ. पण तो डावा-उजवा असतो! १० पैकी ५ हबांत ६३.४३चा कोन डावीकडे आणि ५ हबांत उजवीकडे. पट्ट्या झुकलेल्या असल्यामुळे उलटा करून वापरता येत नाही. यादीत स्पष्ट लिहा, ५ डावे, ५ उजवे, नाहीतर दहाही एकसारखे करून मिळतील.

तपासा : सगळ्या हबवरच्या पट्ट्या मोजा. अच्या ७० आणि बच्या ६० भरल्या पाहिजेत, कारण प्रत्येक दांड्याला दोन टोकं. आकडा जुळला नाही तर पुढे जाऊच नका.

टप्पा ४ : लाकूड निवडणं आणि कापणं

लाकूड वाळलेलं हवं, ओलावा मापक यंत्रावर १५-१८ टक्क्यांच्या आत. ओलं लाकूड लांबीत फारसं आटत नाही पण रुंदीत आटतं, मग बोल्ट सैल होतात आणि टोकं चिरतात. पिळलेले, धनुष्यासारखे वाकलेले दांडे बाजूला काढा. टोकाजवळ गाठ असेल तर तो तुकडा दांड्याला वापरू नका, कारण बोल्ट नेमका तिथेच येणार, तो ठोकळ्यांना वापरा.

आपण ५० × १५० मिमीचे दांडे धरलेत. आता कापायची लांबी : पाइपची त्रिज्या ५० मिमी, पण दांडा पाइपला तिरका येऊन भिडतो, त्यामुळे अ दांड्यातून दोन्ही टोकांचे मिळून १०५ मिमी वजा होतात आणि बमधून १०४.

- अ : मध्यरेषेवर १७४९ मिमी, टोकं १८ अंशांत तिरकी
- ब : मध्यरेषेवर १५३६ मिमी, टोकं १५.८६ अंशांत तिरकी

टोकं तिरकी असल्यामुळे दांडा बाहेरच्या कडेला लांब आणि आतल्या कडेला आखूड होतो. अची बाहेरची कड १७९८ आणि आतली १७००, बची १५७८ आणि १४९३. करवतीवर माप घेताना तुम्ही कड धरणार, मध्यरेषा नाही, म्हणून कुठली कड मोजताय हे ठरवून घ्या. दोन्ही टोकांचे तिरके काप एकमेकांकडे बघणारे हवेत, समांतर नाही. दांडा न उलटता नुसता पुढे सरकवून दुसरं टोक कापलं की तो वाया गेला.

मागवताना एकूण लांबी साधारण ११० मीटर धरा आणि वर १०-१२ टक्के जास्त, गाठी आणि चुका त्यातच जातात.

कापायचा क्रम असा. मायटर सॉच्या (कोनात कापणाऱ्या यांत्रिक करवतीच्या) टेबलावर एक ठोकळा घट्ट बसवा, म्हणजे प्रत्येक दांडा त्याला टेकवला की लांबी तीच येईल. प्रत्येक वेळी टेपने मोजून कापू नका, कारण सगळे दांडे सारखेच १ मिमी मोठे झाले तर डोम केसभर मोठा होतो इतकंच, पण काही मोठे आणि काही लहान झाले तर तो बंदच होत नाही. आधी सगळे अ कापून संपवा, मग सेटिंग बदलून सगळे ब. दोन्ही आलटून-पालटून कापत बसू नका.

सगळे कापायला लागण्याआधी फक्त तीन अ आणि दोन ब कापा, चार हब घेऊन एक समभुज आणि त्याला लागून एक समद्विभुज त्रिकोण जमिनीवर जोडून बघा. हबच्या मध्यापासून मध्यापर्यंत १८५४ आणि १६४० मिळतंय का? मिळालं तरच बाकीचे ६० कापा.

खाच आणि भोकांसाठी एक जिग (प्रत्येक दांड्यावर तीच जागा दाखवणारा साचा) बनवा. १२ मिमी बोल्ट असेल तर टोकापासून पहिलं भोक निदान बोल्टच्या व्यासाच्या ७ पट अंतरावर, म्हणजे ८५ मिमीच्या पुढे. दोन्ही बोल्ट दांड्याच्या लांबीत एका ओळीत, एकावर एक नको, कारण रुंदीत लाकूड आटलं की एकावर एक असलेले दोन बोल्ट मधलं लाकूड फाडतात.

कापलेली टोकं आणि खाचेची आतली बाजू बांधण्याआधीच लाकूड-संरक्षक द्रवात बुडवून काढा, पाणी सगळ्यात जास्त तिथूनच शिरतं. हब बसल्यावर ब्रश तिथे पोचत नाही.

टप्पा ५ : पाया, ओटा आणि खालची भिंत

मध्यबिंदूला खुंटी ठोका, ३ मीटरची न ताणणारी तार घ्या आणि १० कोपरे आखा.

तपासा :
- शेजारच्या दोन कोपऱ्यांत १८५४ मिमी
- एक सोडून एक कोपऱ्यात ३५२७ मिमी
- समोरासमोरच्या कोपऱ्यांत ६००० मिमी, पाचही कर्णांवर

तिन्ही जुळले तरच दशकोन खरा. नुसत्या बाजू जुळल्या म्हणून पुढे गेलात तर दशकोन चेपलेला असू शकतो. दहाही कोपरे एका लेव्हलमध्ये हवेत, पाण्याच्या नळीने तपासा, इतक्या अंतरावर छोट्या स्पिरिट लेव्हलवर भरवसा ठेवू नका.

प्रत्येक कोपऱ्याखाली एक खांब किंवा पाया यायला हवा, वजन हबमधूनच खाली येतं. वारा डोमला वर उचलतो, म्हणून पाया ते ओटा, ओटा ते भिंत आणि भिंत ते हब अशी स्टीलची साखळी अखंड हवी, नुसते खिळे चालत नाहीत. भिंतीच्या वरच्या पट्टीचे जोड १८ अंशांच्या मायटरने कापून त्यावर स्टीलची पट्टी बोल्टने लावा, कारण डोम ही रिंग बाहेर ढकलतो आणि जोड उघडायला बघतो. दार या रिंगला तोडणार असेल तर दाराच्या दोन्ही बाजूचे खांब आणि वरची आडवी तुळई तो ताण घेतील असं इंजिनिअरकडून काढून घ्या.

सावध : ओटा डोमच्या बाहेर काढू नका. छान बसायला जागा होईल म्हणून बरेच जण काढतात, मग सगळ्या डोमवरून वाहून आलेलं पाणी त्या फळ्यांवर पडतं आणि भिंतीखालून आत जातं. आच्छादन ओट्याच्या कडेच्या खाली निदान ३-५ सेंमी उतरलं पाहिजे. बाहेर डेक हवा असेल तर तो वेगळा आणि एक पायरी खाली बांधा.

टप्पा ६ : फ्रेम उभी करणं

तळाचे १० अ दांडे आडवे बसतात, त्यांची १५० मिमीची बाजू जमिनीला समांतर. दांडा ५० मिमी जाड आणि पाइप १०० मिमीचा, त्यामुळे हब दांड्याच्या खाली २५ मिमी उतरतो. म्हणून दांड्यांखाली २५ मिमी जाडीची पट्टी द्या. हे आधी लक्षात आलं नाही तर लोक हब ठोकून-ठोकून खाली दाबायला बघतात.

क्रम:

१. तळ. १० अ, डावा-उजवा हब आलटून-पालटून.

२. पहिली रांग. एका तळदांड्यावर दोन अ उभे करा, वर सहाचा हब. शेजारच्या तळदांड्यावर दोन ब, वर पाचचा हब. असंच आलटून-पालटून फिरत जा. १० अ आणि १० ब लागतात. ही रांग स्वतःहून उभी राहत नाही, प्रत्येक हबखाली टेकू द्या.

३. वरचे दहा हब १० ब दांड्यांनी एकमेकांना जोडा. ही रिंग सपाट नसते! पाचचे हब तळाच्या दांड्यांच्या मध्यरेषेपासून १.३४ मीटरवर आणि सहाचे १.५८ मीटरवर येतात, जवळपास २४ सेंमीचा फरक. हे चुकीचं दिसतं म्हणून लेव्हल करायला जाऊ नका, तसंच असतं.

४. दुसरी रांग. सहाच्या हबवरून दोन-दोन अ (१०), पाचच्या हबवरून एक-एक ब (५). वर पाच हब, उंची २.५५ मीटर, आणि त्यांना जोडणारे ५ अ.

५. टोक. शेवटचा हब आणि ५ ब. उंची ३ मीटर.

या सगळ्यात बोल्ट फक्त हाताने फिरवून ठेवायचे. शेवटचा दांडा बसेपर्यंत पाना लावायचा नाही. सगळ्यात जास्त डोम इथे वाकडे होतात, खालची रांग घट्ट केली की वरच्या हबला हलायला जागा राहत नाही. सगळं बंद झाल्यावर आधी उंच्या तपासा, मग तळापासून वर, प्रत्येक रिंग पूर्ण फिरून, दोन फेऱ्यांत आवळा. पहिल्या फेरीत अर्धवट, दुसऱ्या फेरीत पूर्ण. टेकू त्यानंतरच काढा.

दांडा बसत नसेल तर हातोडा घेऊ नका. रंग बघा, नव्वद टक्के वेळा अच्या जागी ब असतो किंवा तळाचा डावा हब उजव्याच्या जागी. खालची एक पायरी परत जाऊन मॉडेलशी ताडून बघा.

आतमध्ये मधोमध मचाण लागेलच. शिडी फ्रेमला टेकवून वरचं काम करायचं नाही, हेल्मेट आणि सुरक्षा दोर वापरा.

टप्पा ७ : पॅनल

प्लाय कापताना परत तोच सापळा. दांड्यांची बाहेरची बाजू मध्यरेषेपेक्षा मोठ्या त्रिज्येवर आहे, त्यामुळे बाहेरचे त्रिकोण १८५४/१६४० चे नसतात, साधारण १९०३/१६८२ चे होतात. तरी हे आकडेही आंधळेपणाने वापरू नका, प्रत्यक्ष फ्रेमवर पातळ हार्डबोर्डचे दोन साचे बनवा, समभुजचा एक आणि समद्विभुजचा एक, आणि ते चार-पाच जागी लावून बघा. पॅनलमध्ये ३ मिमी फट ठेवा, प्लाय फुगतो.

खालून वर लावा, पण एका बाजूने चढत जाऊ नका, समोरासमोर लावत फिरा.

दार-खिडक्या शक्यतो खालच्या सरळ भिंतीत किंवा पुढे काढलेल्या उभ्या चौकटीत. तिरक्या त्रिकोणी खिडक्या फोटोत सुंदर दिसतात, पण त्या छपरातल्या खिडक्या आहेत, तशाच फ्लॅशिंगने (कडेने पाणी बाहेर वळवणाऱ्या पत्र्याच्या पट्टीने) आणि टफन्ड लॅमिनेटेड काचेनेच करायच्या. एकदा उभा राहिलेला दांडा खिडकीसाठी कधीच कापू नका.

टप्पा ८ : पाणी

डोममध्ये भिंत नसते, सगळं छप्परच असतं, आणि सांधे खूप. सिलिकॉनवर विसंबून राहिलेला डोम गळतोच, कारण लाकूड हलतं आणि सीलंट काही वर्षांत सुटतं. सीलंट ही जास्तीची खबरदारी म्हणून ठेवा, पाणी अडवायचं काम एकावर एक चढलेल्या थरांनीच व्हायला हवं.

आधी सांध्यांवर चिकट मेम्ब्रेनची पट्टी, मग पूर्ण डोमवर वॉटरप्रूफ शीट, तळापासून सुरू, वरचा थर खालच्यावर निदान १५ सेंमी, मग शिंगल (एकावर एक चढवत लावायचे छपराचे तुकडे). टोकाचे पाच त्रिकोण सगळ्यात कमी उताराचे असतात, तिथे पाणी रेंगाळतं, म्हणून तिथे शिंगलवर न भागवता धातूची टोपी द्या आणि त्याच टोपीत वारा जायची वाट ठेवा.

तपासा : आतलं इन्सुलेशन लावण्याआधी नळीने पाणी मारा, तळापासून सुरू करून हळूहळू वर, प्रत्येक पट्ट्यावर दहा-पंधरा मिनिटं. वरून सुरू केलं तर गळती नेमकी कुठली ते कळत नाही. आत एकजण टॉर्च घेऊन हब बघत राहील.

टप्पा ९ : हवा, इन्सुलेशन आणि अस्तर

गरम दमट हवा टोकाला जाऊन साठते. वर उघडता येणारं व्हेंट आणि खाली निदान दोन ठिकाणी हवा आत यायची जागा, दोन्ही लागतात, नुसतं वरचं ठेवून काही उपयोग नाही.

इन्सुलेशन आणि पॅनलमध्ये हवेची पोकळी ठेवायची असेल तर लक्षात घ्या की इथे प्रत्येक त्रिकोण चहूबाजूंनी बंद कप्पा आहे, साध्या उतरत्या छपरासारखी हवा आपोआप वर जात नाही. दांड्यांना भोकं पाडत बसण्यापेक्षा पॅनलच्या बाहेरून उभ्या पट्ट्या मारून त्यावर दुसरा थर चढवणं मला जास्त सुरक्षित वाटतं. अशा वेळी वॉटरप्रूफ शीट पट्ट्यांखालीच, पॅनलवर येते, आणि शिंगल वरच्या थरावर. भोकं पाडायचीच असतील तर लहान, दांड्याच्या मध्यरेषेवर, बोल्टांपासून लांब, आणि इंजिनिअरला विचारून. बाष्परोधक थर कुठल्या बाजूला हे हवामानावर ठरतं, थंड प्रदेशात तो आतल्या उबदार बाजूला, कायम एसी चालणाऱ्या दमट उष्ण जागेत उलट.

वायरिंग अस्तराच्या आधी. आतलं अस्तर लावताना हबवर कायमची फळी ठोकू नका, स्क्रूने निघणारी गोल झाकणं ठेवा. पहिल्या वर्षात लाकूड आणखी वाळतं आणि बोल्ट थोडे सैल होतात, सहा महिन्यांनी आणि मग वर्षाने सगळे २६ हब उघडून पाना फिरवावा लागतो, आणि गळती कुठे सुरू झालीच तर पहिला काळा डाग त्या झाकणाखालीच दिसतो.